आठ मैलांचा चढ, दोन गॅलन पेट्रोल

कोलोरॅडोत सिल्व्हरथॉर्न गाव सोडून आय-७० महामार्गानं पूर्वेकडे निघालं की लगेच घाट सुरू होतो. स्ट्रेट क्रीक नावाच्या ओढ्याच्या कडेकडेनं रस्ता आठेक मैल सारखा चढत राहतो आणि शेवटी डोंगरात शिरतो. तिथे जुळे बोगदे आहेत. पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठीचा आयझेनहॉवर बोगदा १९७३ साली खुला झाला, पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठीचा जॉन्सन बोगदा १९७९ साली. बोगद्यातली सर्वांत जास्त उंची ११,१५८ फूट. चढ जिथे तीव्र आहे तिथे सात टक्के, म्हणजे शंभर फूट पुढे गेलं की सात फूट वर. उजव्या लेनमधून अठरा चाकी ट्रक धोक्याचे दिवे लावून रांगत असतात आणि त्यांच्या डावीकडून पांढरेशुभ्र कॅम्पर, बोटी, घोड्यांचे ट्रेलर ओढत पिकअप गाड्या वर जात असतात. पेट्रोलवर चालणारी अमेरिकन पिकअप काय चीज आहे हे समजून घ्यायला याच्याइतका चांगला रस्ता मला माहीत नाही.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की भाजी-दुधाच्या खेपा करणारी डिझेलची गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतली पिकअप आठवडाभर घरातली मोटार असते आणि शनिवारी ओझं ओढणारं जनावर होते. या दोन कामांसाठी तिला एकच इंजिन दिलेलं असतं आणि सगळी गंमत त्यातच आहे. इथे मी जी गाडी समोर ठेवतो आहे ती फोर्डची एफ-१५०, २०२१चं मॉडेल. साडेतीन लिटरचं व्ही-६ इकोबूस्ट इंजिन, त्याला दोन टर्बो, दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना ओढ. ६,००० आरपीएमला ४०० हॉर्सपॉवर आणि ३,१०० आरपीएमला ५०० पौंड-फूट टॉर्क. मागे जोडलेला ट्रेलर राहायच्या खोलीचा, सामानसुमान भरून ६,६०० पौंडांचा, म्हणजे ३,००० किलोंचा. माणसं धरून गाडी २,५०० किलो. सगळी वरात साडेपाच टनांची.

नवी गाडी शोरूममध्ये उभी असते तेव्हा तिच्या काचेवर सरकारी लेबल चिकटवलेलं असतं. या गाडीचं लेबल सांगतं: शहरात गॅलनला १८ मैल, हायवेवर २३, एकत्रित २०. आपल्या हिशेबात लिटरला साडेआठ किलोमीटर. शेजारी दुसरा आकडा छापलेला असतो, १०० मैलांना ५ गॅलन, आणि माझ्या मते तोच जास्त उपयोगाचा. गॅलनला दहाचे बारा मैल झाले तर शंभर मैलांमागे पावणेदोन गॅलनच्या आसपास वाचतात, वीसचे बावीस झाले तर अर्धा गॅलनसुद्धा वाचत नाही. मैलांच्या आकड्यात दोन्हीकडे दोनचाच फरक दिसतो. पिकअपवाल्याचं सगळं आयुष्य आठ ते वीसच्या पट्ट्यात जातं, म्हणून त्यानं हा उलटा आकडा वाचायची सवय लावून घ्यावी.

लेबलवरचे आकडे रस्त्यावर मिळवलेले नसतात. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात, चाकं जागच्या जागी फिरतात आणि ड्रायव्हर पडद्यावरची वेगाची रेघ गिरवत जातो. २००८च्या मॉडेलांपासून यात पाच चाचण्या धरतात: शहराची, हायवेची, जोरात चालवण्याची, उन्हात एसी लावून चालवण्याची आणि थंडीतली. मूळ हायवे चाचणी सव्वादहा मैलांची, सरासरी वेग ताशी ४८ मैल. यात कुठेही ट्रेलर नाही. एफ-२५०सारख्या मोठ्या पिकअपवर तर हे लेबलच नसतं, कारण भरलेल्या गाडीचं मान्य वजन ८,५०० पौंडांच्या वर गेलं की लेबलाची सक्ती संपते. म्हणजे ज्या गाड्या खास ओढण्यासाठी घेतल्या जातात, त्यांचं ॲव्हरेज अधिकृतपणे कुणीच सांगत नाही. ही उणीव भरून काढायला हवी असं मला मनापासून वाटतं. चाचणीत एक ठरावीक उंचीचा, ठरावीक वजनाचा ट्रेलर धरला तरी ग्राहकाचं मोठं काम होईल.

ट्रेलर जोडून सपाटीवर निघालं की या गाडीचं ॲव्हरेज नऊच्या आसपास येतं. डेन्व्हर भागात राहणाऱ्या एका मराठी मित्रानं पहिल्यांदा ट्रेलर नेला आणि संध्याकाळी फोन केला. “अरे, नऊ! गाडी कंपनीत दाखवू का?” त्याला वाटत होतं, वजन दुप्पट झालं तर ॲव्हरेज फार तर निम्मं व्हावं. त्याच्यापुढे मी जो हिशेब मांडला तोच इथे मांडतो, कारण पिकअपचं सौंदर्य या हिशेबात आहे असं मी मानतो.

ताशी ६५ मैलांनी एकटी गाडी जाते तेव्हा तिला मागे खेचणाऱ्या दोन गोष्टी असतात, टायरचं घर्षण आणि हवा. टायर साधारण २५० न्यूटन मागतात, हवा ७०० न्यूटनच्या आसपास. मागे ट्रेलर आला की टायरची मागणी वजनाच्या प्रमाणात वाढून ५४० होते. हवेची मागणी मात्र १,९०० वर जाते. आठ फूट रुंद आणि गाडीच्या टपापेक्षा कितीतरी उंच अशी सपाट भिंत आपण हवेत ढकलत असतो. बेरीज केली तर एकट्या गाडीला साडेनऊशे न्यूटनही लागत नव्हते, आता २,४०० लागतात. अडीच पटींहून थोडं जास्त काम, आणि पेट्रोलही जवळजवळ तितक्याच पटीनं. बावीस-तेवीसला अडीचनं भागा, नऊ येतात. गाडी अगदी ठणठणीत होती.

यात वजनाचा वाटा किती थोडा आहे ते बघावं. तितक्याच, म्हणजे ३,००० किलोंच्या बसक्या ट्रेलरवर छोटा ट्रॅक्टर लादून नेला तर तो गाडीच्या आडोशाला बराचसा लपतो आणि ॲव्हरेजची घसरण पुष्कळ कमी असते. याउलट रिकामा पण उंच ट्रेलरही हवेची तीच किंमत वसूल करतो. सपाट रस्त्यावर ट्रेलरचं वजन विचारण्याआधी त्याची उंची विचारावी. आणि वेग तर सर्वांत आधी विचारावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. पासष्टचे पंचाहत्तर केले की ट्रेलरसकट गाडीला दर मैलाला सव्वापट पेट्रोल लागतं, नऊवरून सव्वासात. वायोमिंगच्या पठारावर समोरून ताशी पंधरा मैलांचा वारा असला तर पासष्टलाही साडेसहाच्या वर आकडा सरकत नाही. ट्रेलरच्या पुष्कळशा टायरांची मर्यादाही ताशी ६५ मैलांचीच असते, तेव्हा सुरक्षितता आणि पेट्रोल दोन्ही एकच वेग सुचवतात. घाईच्या माणसानं ट्रेलर ओढू नये.

या हिशेबातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढे आहे. एका गॅलन पेट्रोलमध्ये १२१ मेगाजूलच्या आसपास ऊर्जा असते. एकटी गाडी त्यातली पाव भागाहून थोडी जास्त चाकांपर्यंत पोचवते. ट्रेलर लावलेली गाडीही जवळपास तेवढीच. म्हणजे ओझं ओढताना इंजिन उधळपट्टी करत नाही. तेवीसचा आकडा आणि नऊचा आकडा एकाच प्रामाणिकपणानं आलेले आहेत.

असं होण्यामागे पेट्रोल इंजिनाचा एक जुना दोष आहे आणि त्यावर शोधलेला एक सुंदर उपाय आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचं प्रमाण जवळजवळ ठरलेलं असतं. कमी ताकद हवी असली की हवाच कमी आत घ्यावी लागते, म्हणून तोंडाशी थ्रॉटलची झडप मिटत आणावी लागते. मग प्रत्येक पिस्टन खाली जाताना अर्धवट मिटलेल्या तोंडातून श्वास ओढत राहतो आणि त्या ओढण्यातच ताकद वाया जाते. मोठ्या व्ही-८ इंजिनाचं हेच दुखणं. एकट्या गाडीला ६५ला चाकांपाशी ३६ हॉर्सपॉवर पुरतात आणि त्यासाठी आठ मोठाले सिलिंडर गुदमरत फिरत असतात. जनरल मोटर्सनं २०१९पासून यावर एक मार्ग काढला. कोणते सिलिंडर चालू ठेवायचे आणि कोणते निजवायचे याचे सतरा नमुने त्यांच्या व्ही-८मध्ये आहेत आणि कॉम्प्युटर क्षणाक्षणाला ते बदलत असतो. फोर्डनं दुसरी वाट धरली. इंजिनच लहान ठेवायचं, म्हणजे रोजच्या कामात झडप जास्त उघडी राहील, आणि ओझं आलं की टर्बोंनी हवा कोंबून त्याला मोठं करायचं. २०१५ साली गाडीचं अंग ॲल्युमिनियमचं करून फोर्डनं वजन ७०० पौंडांपर्यंत उतरवलं, तोही याच विचाराचा पुढचा भाग. मला फोर्डची वाट अधिक पटते, आणि का ते या घाटात कळतं.

सिल्व्हरथॉर्न नऊ हजार फुटांच्या आसपास आहे. तिथेच हवा विरळ असते आणि वर जावं तशी आणखी विरळ होत जाते. साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते. समुद्रसपाटीला ४०० हॉर्सपॉवर देणारं पाच लिटरचं व्ही-८ इथे २८०-२९० देतं. टर्बोवाल्या इंजिनाचं तसं होत नाही. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर पंख्याचं एक चाक फिरतं, त्याच आसावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून आत घालतं. हवा विरळ झाली तर पंखा आणखी वेगानं फिरवायचा, एवढंच. त्यालाही मर्यादा असते, पण या उंचीवर ती फारशी जाणवत नाही.

आता गाडीत बसून चढायला लागू. टो-हॉलचं बटण दाबलेलं आहे, म्हणजे गिअरबॉक्स वरचे गिअर टाळतो आणि गिअर सारखे बदलत बसत नाही. ताशी ६० मैल. सपाटीवर एकटी गाडी असती तर दहाव्या गिअरात, जेमतेम १,४०० आरपीएमवर, इंजिन चालू आहे की नाही अशी शंका यावी इतक्या हळू फिरलं असतं. चढ लागताच डॅशबोर्डवरचा आकडा सातवर येतो. सातवा गिअर सरळ एकास एक गुणोत्तराचा, त्यात २,२०० आरपीएम. सात टक्क्यांचा टप्पा आला की आकडा सहा होतो आणि काटा २,८५० च्या आसपास येऊन थांबतो. या ठिकाणी गाडीला काय लागतं? साडेपाच टन वर उचलायला ३,८०० न्यूटनच्या आसपास, टायरचे ५४०, विरळ हवेचे सव्वाबाराशे. चाकांपाशी २०० हॉर्सपॉवर, मधल्या दातेरी चाकांमधलं नुकसान धरून इंजिनापाशी २३०. २,८५० आरपीएमला २३० हॉर्सपॉवर म्हणजे ४२० पौंड-फूटच्या थोडा वर टॉर्क. इंजिनाची कमाल ५०० आहे आणि ती ३,१०० ला येते. म्हणजे शिखराच्या जरा खाली, थोडी ताकद हाताशी राखून गाडी चढते आहे. गिअरांची गुणोत्तरं आणि टॉर्कचा आलेख काढणाऱ्यांनी हा घाट मनाशी धरला होता की नाही ते बाजूला ठेवू, पण दोन्ही रेषा इथे इतक्या नेमक्या जुळतात की दाद द्यावीशी वाटते.

आवाजही ऐकण्यासारखा असतो. खालच्या पट्टीतली एक सलग घरघर, तिच्या आत टर्बोची बारीक शीळ, आणि इंजिन चढभर त्याच सुरात राहतं. गाडीतल्या माणसांना बोलायला आवाज चढवावा लागत नाही. शेजारून तेवढंच ओझं घेऊन व्ही-८ जाते तेव्हा तिला तेच काम करायला चौथ्या गिअरात ४,१०० च्या वर, कधी तिसऱ्यात ५,००० पर्यंत फिरावं लागतं. तिची गर्जना खरोखर भव्य असते आणि ती ऐकायला मला फार आवडते. ती गाडीही वर पोचतेच, तिला काही होत नाही, ते इंजिन तेवढं फिरण्यासाठीच बांधलेलं आहे. पण तिच्याकडे राखून ठेवलेलं काही उरलेलं नसतं. पुढचा ट्रक आडवा आला, वेग पन्नासवर पडला आणि पुन्हा साठ गाठायचे झाले की हा फरक लगेच कळतो. टोयोटानं २०२२च्या टुंड्रात ५.७ लिटरचं व्ही-८ काढून दोन टर्बोंचं व्ही-६ बसवलं, रॅमनं २०२५च्या मॉडेलात दोन टर्बोंचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन आणलं. ओझं ओढण्याच्या दृष्टीनं ही दिशा योग्य आहे, असं हा घाट मला सांगतो.

पेट्रोलचं काय झालं? साडेपाच टनांचा ऐवज ६५० मीटर उचलायला ३५ मेगाजूल लागतात. इंजिनाची कार्यक्षमता धरली की नुसत्या उचलण्याचे एक गॅलनहून थोडं जास्त. हवा आणि टायर यांचे आणखी पाऊण गॅलन. आठ मैलांत दोन गॅलनच्या आसपास, म्हणजे गॅलनला चार मैल, लिटरला दोन किलोमीटरही नाहीत. त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारी पट्टी डाव्या टोकाला जाऊन चिकटते. टर्बोवाल्या पेट्रोल इंजिनाचा एक खर्च यात मिसळलेला असतो. फार वेळ फार जोर लावला की धुराड्यातले वायू इतके तापतात की टर्बो आणि पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांना धोका पोचू शकतो. तेव्हा कॉम्प्युटर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. ते पुरतं जळत नाही, नुसतं बाष्प होऊन आतली उष्णता शोषतं. पेट्रोलचा असा पाण्यासारखा वापर पाहून काहींना हळहळ वाटते. मला त्यात इंजिनाची स्वतःला सांभाळण्याची हुशारी दिसते, मात्र तिची किंमत आपण पंपावर मोजतो हे विसरून चालणार नाही. पंपाचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. कोलोरॅडोच्या डोंगरात साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं. विरळ हवेत साध्या इंजिनांना ते चालून जायचं. टर्बोवाल्या इंजिनात हवा दाबून भरलेली असते, त्याला ती सवलत नाही. ट्रेलर मागे असताना ९१चा नळ उचलावा. कॉम्प्युटर ठिणगी योग्य वेळी टाकू शकतो आणि ताकद टिकते.

काचेवरच्या लेबलाइतकाच दुसरा आकडा जाहिरातीत झळकत असतो, ओढण्याच्या क्षमतेचा. एकेकाळी प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीनं ठरवायची, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नसायचा. २००८ साली एसएई या अभियंत्यांच्या संस्थेनं जे-२८०७ नावाची मानकं प्रसिद्ध केली. टोयोटानं ती २०११च्या टुंड्रासाठी सर्वांत आधी स्वीकारली, डेट्रॉइटच्या कंपन्या काही वर्षांनी आल्या. ही मानकं मी आवडीनं वाचतो, कारण ती ओझं ओढणाऱ्या माणसाच्या अनुभवातून उतरलेली आहेत. जाहीर केलेल्या वजनाचा ट्रेलर लावून शून्यापासून ताशी ६० मैल ३० सेकंदांत गाठता आले पाहिजेत. बारा टक्क्यांच्या चढावर उभ्या गाडीनं पाच मिनिटांत पाच वेळा सोळा फूट पुढे सरकलं पाहिजे आणि पुन्हा तसंच मागेही. आणि ॲरिझोनात, बुलहेड सिटीजवळच्या डेव्हिस डॅमच्या चढावर, बाहेर १०० अंश फॅरनहाइट किंवा जास्त तापमान असताना, एसी पूर्ण जोरात चालू ठेवून, ११.४ मैल आणि सुमारे ३,००० फूट चढताना वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. एसीची अट मला विशेष आवडते. वाळवंटात ट्रेलर ओढताना एसी बंद करून खिडक्या उघडायच्या आणि हीटर लावून इंजिनाची उष्णता आत घ्यायची, हे जुने लोक करत आले आहेत. आता कंपनीला ती पळवाट नाही.

इकोबूस्ट २०११च्या एफ-१५०मध्ये आलं तेव्हा पिकअपवाल्यांचा सहा सिलिंडरांवर विश्वास नव्हता. फोर्डनं एक इंजिन घेतलं, डायनोवर, म्हणजे इंजिनाच्या चाचणीयंत्रावर, ३०० तास पळवलं, मग ते गाडीत बसवून ऑरेगॉनच्या जंगलात लाकडाचे ओंडके ओढायला लावलं. पुढे होमस्टेड-मायामीच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ११,३०० पौंड मागे लावून चोवीस तास फिरवलं, डेव्हिस डॅमचा चढ चढवला, बाहा १००० या वाळवंटी शर्यतीत उतरवलं आणि जानेवारी २०११च्या डेट्रॉइट मोटार शोमध्ये लोकांसमोर उघडून दाखवलं. ही जाहिरातच होती, पण मला ती जाहिरातींमधली उत्तम वाटते. सुटे झालेले पिस्टन आणि बेअरिंग लोकांना समोर बघता आले.

तरीही जाहिरातीतला आकडा घेऊन ट्रेलर विकत घ्यायला जाऊ नये. २०२१ साली या इंजिनाच्या एफ-१५०साठी तो १४,००० पौंडांपर्यंत होता. आपल्या गाडीचा खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, पिवळी कड असलेल्या छोट्या लेबलावर असतो. दार उघडून खाली वाकलं की दिसतं. माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांहून कधीही जास्त होऊ नये, असं त्यावर एक वाक्य असतं. कारखान्यातून निघालेल्या त्या एका गाडीचा आकडा तो, म्हणून शेजारच्या गाडीचा वेगळा असू शकतो. सनरूफ, मोठी चाकं, चामड्याच्या गाद्या, प्रत्येक हौस या आकड्यातून वजा झालेली असते.

समजा तिथे १,६०० पौंड लिहिले आहेत. ट्रेलर नीट सरळ चालायचा तर त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, पडला पाहिजे. कमी पडला तर ट्रेलर शेपटासारखा डुलू लागतो, आणि तो जीवघेणा प्रकार आहे. आपल्या ६,६०० पौंडांच्या ट्रेलरचे तेरा टक्के म्हणजे ८६० पौंड. हा भार गाडीवरच असतो, म्हणून सामानातच मोजायचा. भार पुढच्या चाकांपर्यंत वाटून देणाऱ्या हिचचे १०० पौंड. चार माणसं ६०० पौंड. उरले ४०. एक बर्फाची पेटी ठेवली की संपलं. चौदा हजारांच्या निम्म्यापेक्षाही हलका ट्रेलर, इंजिन घाटात मजेत चढतं आहे, आणि गाडीच्या स्प्रिंगा, टायर, आस यांची मर्यादा मात्र गाठली गेली. ताकद आधी संपेल अशी समजूत असते, पण एफ-१५०सारख्या अर्धा टन वर्गातल्या पेट्रोल पिकअपमध्ये आधी पेलोड, म्हणजे गाडीवर लादता येणारं वजन, संपतो. विक्रेत्यानं गिऱ्हाइकाला प्रथम हे दार उघडून दाखवायला हवं. बहुतेक वेळा तो थेट बॉनेट उघडतो.

परतीला हाच घाट उतरायचा असतो. ट्रकांचे ब्रेक गेले तर शिरायला इथे वाळू-खडीचे चढते रस्ते बांधून ठेवले आहेत आणि ते कामी येत असतात. सात टक्क्यांच्या उतारावर ताशी ५५ मैलांचा वेग राखायचा तर हवा आणि टायर यांनी खाऊन उरलेली सत्तर हॉर्सपॉवर कुठेतरी जिरवावी लागते. मोठ्या डिझेल पिकअपना यासाठी एक्झॉस्ट ब्रेक असतो. पेट्रोलवालीला तो नसतो, पण वर ज्या झडपेला आपण दोष दिला ती इथे उपकारी ठरते. पाय उचलला की झडप मिटते, पेट्रोल पूर्ण बंद होतं, आणि मिटलेल्या तोंडातून श्वास ओढताना पिस्टन जे अडतात ती अडवणूकच गाडीला धरून ठेवते. टो-हॉल चालू असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करताच गिअरबॉक्स स्वतः एकेक गिअर खाली उतरतो, इंजिन चार हजारांच्या घरात फिरू लागतं आणि वेग स्थिर होतो. चढताना खर्चलेलं पेट्रोल असं थोडंफार परत मिळतं, कारण उताराचे आठ मैल जवळजवळ फुकट जातात.

याच गाडीच्या पॉवरबूस्ट नावाच्या हायब्रिड आवृत्तीनं हे आणखी पुढे न्यावं अशी अपेक्षा असते. हेच इंजिन, सोबत विजेची मोटर, ४३० हॉर्सपॉवर, ५७० पौंड-फूट, आणि लेबलावर चारही चाकांच्या गाडीला शहरात, हायवेवर सगळीकडे २४. गावातल्या वापरात ती फारच छान आहे. घाटात मात्र तिची बॅटरी दीड किलोवॅट-तासांची, आणि वरून खाली आणलेल्या साडेपाच टनांतली ऊर्जा पावणेदहा किलोवॅट-तास. हवा-टायर यांनी खाल्लेलं सोडलं तरी बॅटरी निम्म्या वाटेत भरून जाते आणि उरलेलं काम पुन्हा इंजिनाच्या अडवणुकीवर येतं. शिवाय बॅटरी-मोटरचं वजन दारातल्या त्या पिवळ्या लेबलातून वजा झालेलं असतं. ज्याचा ट्रेलर वर्षातून चार शनिवार निघतो त्यानं ती जरूर घ्यावी. ज्याचा दर शनिवारी निघतो त्याला मी साधं इकोबूस्टच सुचवीन.

आणि त्याला टाकी विचारायला सांगेन. ट्रेलर ओढणाऱ्या पेट्रोल पिकअपमध्ये टाकीचा आकार इंजिनाइतकाच महत्त्वाचा असतो, पण तो किमतीच्या यादीत खाली कुठेतरी लिहिलेला असतो. २६ गॅलनची टाकी नऊच्या ॲव्हरेजनं २३४ मैल जाते, आणि टाकी कोरडी करून कुणी चालवत नाही, तेव्हा दोनशेच धरावेत. डेन्व्हरहून ग्रँड जंक्शन २४० मैलांच्या पुढे, वाटेत हा घाट आणि पुढे व्हेल पासचा चढ. म्हणजे मध्ये कुठेतरी पंपावर थांबावं लागणार, आणि ट्रेलरसकट वळता येईल असा पंप डोंगरात प्रत्येक गावी नसतो. ३६ गॅलनची टाकी घेतली तर तीनशे मैलांचा पल्ला मिळतो. भरलेली टाकी गाडीच्या मूळ वजनातच धरतात, त्यामुळे दहा गॅलन जास्तीचे साठेक पौंड पेलोडमधून जातात, पण ते खुशाल जाऊ द्यावेत.